तळटीप : हेझल

हेझल : युरोपातले झुडूपवजा झाड. फळ बोराएवढे, टणक कवचाचे, कातरलेल्या कडांच्या हिरव्या पानांत निम्मेअर्धे गुंडाळलेले. चॉकलेटात पडणारे हेझलनट ते हेच.

जुन्या इंग्रजीत त्याला ‘हॅसेल’ म्हणत. लॅटिन ‘कोरिलुस’शी त्याचे नाते ऐकून पटत नाही, पण ते पक्के आहे. मूळ शब्दातल्या ‘क’चा जर्मानिक भाषांत ‘ह’ झाला; लॅटिनने ‘क’ राखला, मात्र दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ केला. ‘कोरिलुस अवेलाना’ हे शास्त्रीय नाव लिनेअसचे (१७५३). त्यातले ‘अवेलाना’ इटलीतल्या अवेला गावावरून आले.

डोळ्यांच्या रंगासाठी हा शब्द शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्येही येतो. तिथे रंग कवचाचा, म्हणजे तपकिरी. हिरवट-सोनेरी झाक ही आजची समजूत. मराठी ‘घारे’ जवळचे खरे, पण त्यात करडी, निळसर छटाही बसते. म्हणून प्रस्तुत अनुवादात ‘पिंगट डोळे’ असे घेतले आहे.

हिमालयातल्या एका जातीला ‘कोरिलुस जाकमोंती’ म्हणतात. ज्याच्या नावावरून ती ओळखली जाते, तो फ्रेंच निसर्गअभ्यासक व्हिक्टर जाकमाँ १८३२ मध्ये मुंबईत वारला.