तबकडीवरचे नाव

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक गोल घड्याळ आहे. तबकडी पांढरी, आकडे रोमन, मधोमध इंग्रजीत एक नाव आणि त्या नावाखाली 'लंडन'. या 'लंडन'पायी मी एका कादंबरीच्या मानधनाचा मोठा हिस्सा मुंबईच्या जुन्या बाजारात मोजून दिला. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितले, की माल अस्सल विलायती आहे आणि आत 'फ्यूझी' आहे. फ्यूझी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. परंतु 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द मास्तर माणसाच्या तोंडून सहसा निघत नाहीत. मी जाणत्यासारखी मान डोलावली. आणि त्या डोलावलेल्या मानेचीच किंमत दिली, असे आता वाटते.

पंधराव्या दिवशी घड्याळ थांबले. गावातल्या म्हाताऱ्या घड्याळजींनी ते उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि सावकाश म्हणाले, "गुरुजी, घर विलायतेचे आहे, पण भाडेकरू अमेरिकेचा दिसतो."

आत फ्यूझी नव्हती. ती कशी असते हे मग त्यांनीच मला समजावले. दोरी गुंडाळलेला भोवरा आडवा धरावा, तसा तो पितळी शंकू असतो. त्याच्या खाचांतून बारीक साखळी किंवा तात गुंडाळलेली असते. चावी दिल्यावर कमान जोरात असते, तेव्हा ती शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते. कमान जसजशी थकते, तसतशी ओढ रुंद बाजूला येते. कमानीचा जोर कमी झाला तरी यंत्राला मिळणारा जोर सारखाच राहतो. इंग्रज कारागिराने ही खटपट शेवटपर्यंत सोडली नाही. माझ्या घड्याळात मात्र पातळ पितळी पत्र्यातून कापलेली दोन पाने आणि त्यांच्यामध्ये उघडी कमान, एवढाच संसार होता.

त्या रागात मी इंग्लिश घड्याळांविषयी वाचायला बसलो, आणि राग गेला तरी वाचन राहिले.

घरात ठेवण्याजोगे अचूक घड्याळ इंग्लंडात आले ते हॉलंडमधून. 1656 मध्ये ह्यूजेन्स या डच शास्त्रज्ञाने घड्याळाला लंबक लावला. त्यापूर्वीची घड्याळे दिवसाला पाव तास चुकली तरी कोणी तक्रार करीत नसे. त्यांना बहुधा एकच काटा असे, कारण मिनिटाचा काटा लावून लाज काढण्यात अर्थ नव्हता. लंडनच्या फ्रोमँटील घराण्याने आपला मुलगा हेगला धाडला. ह्यूजेन्सच्या हक्काखाली घड्याळे बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली त्याने काम केले, आणि 1658 च्या ऑक्टोबरात लंडनच्या वृत्तपत्रात फ्रोमँटीलची लंबकाच्या घड्याळांची जाहिरात झळकली. विद्या आणायला मुलाला परगावी धाडायचे, हा रिवाज सगळीकडे सारखाच.

पुढे 1670 च्या सुमारास नांगराच्या आकाराचा एक लहानसा पोलादी तुकडा आला. या 'अँकर'मुळे लंबकाचा झोका आखूड झाला. झोका आखूड, म्हणून लंबक लांब करता आला. सुमारे 39 इंचांचा लंबक एका झोक्याला बरोबर एक सेकंद घेतो. आखूड झोक्याचा लांब लंबक अरुंद पेटीत मावतो. आपण चित्रांतून पाहतो ते पुरुषभर उंचीचे, लांब पेटीचे घड्याळ असे जन्माला आले. त्याला 'ग्रँडफादर क्लॉक' म्हणण्याची चाल फार उशिराची आहे. 1876 मध्ये हेन्री क्ले वर्क या अमेरिकन गीतकाराने आजोबांच्या घड्याळावर गाणे केले, तेव्हापासून ते सर्वांचे आजोबा झाले.

या काळातला मोठा पुरुष टॉमस टॉम्पियन. लोहाराचा मुलगा, 1639 चा जन्म, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर दुकान. 1676 मध्ये ग्रिनिच वेधशाळेसाठी त्याने वर्षातून एकदाच चावी द्यावी लागणारी दोन घड्याळे केली; त्यांचे लंबक 13 फुटांचे होते. आपल्या घड्याळांवर अनुक्रमांक घालण्याची शिस्त त्याने पाळली. 1713 मध्ये तो वारला, तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. 1751 मध्ये त्याचा शिष्य आणि घरचा जावई जॉर्ज ग्रॅहॅम त्याच थडग्यात त्याच्याशेजारी विसावला. राजेरजवाड्यांच्या पंक्तीत गुरू-शिष्य एका शिळेखाली, आणि तेही घड्याळजी! मला हे वाचून बरे वाटले, हे लपवीत नाही.

परंतु नावाला भाव आला की नावाची चोरीही येते. 1698 मध्ये पार्लमेंटने एक कायदा केला. यंत्राशिवाय रिकामी पेटी किंवा तबकडी परदेशी पाठवायची नाही, आणि जे घड्याळ जाईल त्यावर कर्त्याचे नाव पाहिजे. कारण असे, की रिकाम्या पेट्या बाहेर जात, तिथे त्यांच्यात हलकी यंत्रे बसत, आणि वर लंडनच्या नामांकित कारागिरांची नावे चढत. हे कलम वाचले त्या रात्री मी मोठ्याने हसलो. माझे दुःख तीनशे वर्षांपूर्वीच कायद्याच्या पुस्तकात छापून झालेले होते.

आणि गंमत अशी, की अस्सल घड्याळावरचे नावही नेहमी खरे बोलतेच असे नाही. 1770 नंतर बर्मिंगहॅमहून रंगवलेल्या पांढऱ्या तबकड्या तयार मिळू लागल्या. गावोगावचे घड्याळजी तबकडी तिथून घेत, पुष्कळदा यंत्राचे भागही विकत घेत, पेटी गावच्या सुताराकडून ओक लाकडाची करून घेत आणि तबकडीवर आपले नाव घालीत. म्हणजे ते नाव कर्त्याचे कमी, जबाबदारी घेणाऱ्याचे अधिक. बिघडले तर या माणसाच्या दारात जा, एवढाच त्याचा अर्थ. मला यात लबाडी वाटत नाही. प्रकाशकाचे नाव पुस्तकावर असतेच की!

म्हणून लांब पेटीचे घड्याळ घेणाऱ्याने नाव शेवटी वाचावे. आधी वरचे झाकण उतरवून, यंत्र ज्या फळीवर बसते ती फळी पाहावी. तिच्याखाली नंतर ठोकलेल्या पट्ट्या असतील, झाकणाची चौकट तबकडीला नीट वेढत नसेल, तबकडीच्या मागे उगीचच भोके असतील, तर यंत्र एका घरचे आणि पेटी दुसऱ्या घरची. इंग्रज व्यापारी याला 'लग्न' म्हणतात. हे लग्न वाईटच असते असे नाही, पण त्याची किंमत निम्म्याहून कमी द्यावी. पेटीचा पाया ओल्या दगडी जमिनीवर कुजून कापला गेला असेल, तर तो दोष मी वयाचा मानीन, लबाडीचा नव्हे. पितळी तबकडी साधारणपणे जुनी, रंगवलेली पुढची. आठ दिवसांच्या घड्याळापेक्षा रोज वजन ओढून चढवावे लागणारे तीस तासांचे खेड्यातले घड्याळ स्वस्त पडते, आणि मला विचाराल तर त्यात जीव अधिक असतो. मेजावर ठेवायच्या लहान घड्याळांना वर मूठ असते, ती रात्री एका खोलीतून दुसरीत नेण्यासाठी. काहींना दोरी असे. अंधारात ती ओढली की मागच्या तासाचे ठोके पुन्हा पडत. काडेपेटी नव्हती त्या काळात या दोरीची किंमत काय असेल, याची कल्पना करावी.

एवढी वाढलेली ही कला पुढे खालावली. 1797 मध्ये पंतप्रधान पिटने घरातल्या प्रत्येक घड्याळावर पाच शिलिंग कर बसवला. लोकांनी घड्याळे घेणेच सोडले, कारागिरांवर उपासमार आली, आणि दुसऱ्याच वर्षी कर मागे घ्यावा लागला. त्या धक्क्यातून धंदा सावरला. अमेरिकेने मात्र त्याला गाठले. 1842 मध्ये चॉन्सी जेरोम या कनेक्टिकटच्या कारखानदाराने यंत्रावर कापलेल्या पितळी घड्याळांचा साठा इंग्लंडला पाठवला. बिलात किमती इतक्या कमी, की जकात खात्याला वाटले, हा जकात चुकवतो आहे. त्यांनी नियमाप्रमाणे बिलाच्या किमतीला सगळा माल सरकारजमा केला. जेरोम खूश! गिऱ्हाईक न शोधता रोख पैसे मिळाले. त्याने दुसरा साठा पाठवला, तोही तसाच गेला. तिसऱ्या वेळी खाते शहाणे झाले आणि माल सोडून दिला. पुढे अमेरिकन यंत्रे आणून इंग्लंडात पेट्यांमध्ये बसवण्याचा धंदाच सुरू झाला, आणि तबकडीवर इंग्लिश दुकानदाराचे नाव रंगवण्यात आले.

हे वाचून मी घड्याळजींकडे गेलो. त्यांनी पुन्हा भिंग लावले. पेटी आणि यंत्र यांच्यात एकही जास्तीचे भोक नव्हते. "हे दोघे पहिल्यापासून एकत्र आहेत," ते म्हणाले. तेव्हा घड्याळाने मला फसवले नव्हते; विकणाऱ्याने फक्त फ्यूझीचे पैसे घेतले होते.

घड्याळ आता चालते. लांब पेटीचे मात्र अजून घरात आले नाही. ते आणणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की पेटी भिंतीला पक्की स्क्रूने बसवावी. नाहीतर आठवड्याच्या मध्यावर वजने लंबकाच्या उंचीला येतात, त्याच्याबरोबर झुलू लागतात आणि घड्याळ बंद पडते. पितळेवर चिंच घासू नये. घर बदलताना लंबक आधी काढावा.

भिंतीवरच्या घड्याळाची किंमत मी घरी निम्मीच सांगितली आहे. हा अंक दिवाळीत घरी येईल आणि सौभाग्यवती तो पहिल्या पानापासून वाचतील. तेव्हा वसुबारसेच्या आधी खरा आकडा सांगून टाकणे भाग आहे.