संक्षोभी सीमास्तर आणि सप्तमांश घातनियम

वाहत्या द्रायूचा पृष्ठभागास भिडलेला थर स्थिर असतो. तेथून थोड्याच अंतरावर प्रवाह पूर्ण वेगाने चालतो. या दोहोंमधील पातळ भागाकडे लुडविग प्रांट्ल यांनी इ. स. १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथील गणितपरिषदेत लक्ष वेधले. त्या निबंधात त्यांनी बहुतेक ठिकाणी ‘संक्रमणस्तर’ या अर्थाचाच शब्द योजिला आहे. ‘सीमास्तर’ ही संज्ञा रूढ झाली ती मागाहून. प्रवाह संथ व स्तरीय असता सपाट पट्टीवरील घर्षण किती, हे त्यांचे शिष्य ब्लाझियुस यांनी १९०८ साली समीकरणांतूनच काढून दाखविले. संक्षोभी प्रवाहास मात्र ही वाट बंद होती.

तेव्हा आधार घेतला गेला तो नळांचा. गुळगुळीत नळांत घर्षण सरासरी वेगाच्या ७/४ व्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे ब्लाझियुस यांनीच १९१३ मध्ये मापनांवरून ठरविले होते. प्रांट्ल व त्यांचे एकेकाळचे शिष्य थिओडोर फोन कार्मान यांनी त्यावरून मोठे चतुर अनुमान केले: भिंतीजवळील वेग नळाच्या व्यासावर अवलंबून नसेल, तर तो भिंतीपासूनच्या अंतराच्या १/७ व्या घाताच्या प्रमाणात असला पाहिजे. १९२१ मध्ये कार्मान यांनी हा नियम सपाट पट्टीस लावून तेथील घर्षण काढिले. नळातील घर्षणावरून वेग आणि त्या वेगावरून पट्टीचे घर्षण, असा हा उलटा प्रवास होय.

नियम उपयोगी ठरला, पण त्याचे मूळ कच्चे होते. अगदी भिंतीपाशी तो वेगाचा चढ अनंत मानतो. शिवाय निकुराड्झे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत, रेनल्ड्झ अंक ४,००० असता १/६ असलेला घातांक ३२ लक्षांवर १/१० पर्यंत उतरला. परिस्थितीगणिक ज्याचा घातांक सरकतो त्यास नियम म्हणण्यापेक्षा सोय म्हणणे अधिक योग्य.

१९३० मध्ये कार्मान यांनी लॉगरिथमी वेगनियम मांडला. प्रांट्ल यांच्या हाती १९२५ पासून मिश्रणलांबीची कल्पना असूनही येथे शिष्य गुरूच्या पुढे गेला. १९४९ साली लुडवीग व टिलमान यांनी पृष्ठघर्षण वेगवितरणापासून स्वतंत्रपणे मोजून दाखविले की, प्रवाहाच्या दिशेने दाब वाढत असतानाही भिंतीलगत हाच नियम टिकतो.

त्यातील कार्मान स्थिरांक ०.४ धरण्याची प्रथा पडली. परंतु प्रिन्स्टन येथील नळात १९९८ मध्ये तो ०.४३६ आला, तर सपाट पट्टीवर २००० च्या सुमारास ०.३८. नळ आणि पट्टी यांस एकच स्थिरांक लागू आहे काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही.