देवळातला ताल आणि तो शिकण्याची रीत

जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत दगड, कळस, कारागीर व देणगीदार यांची नोंद असते आणि ती असावयासच हवी. आपल्या लोणी भापकरचे मल्लिकार्जुन मंदिर व पुष्करणी पाहण्यास दुरून अभ्यासक येतात, खांबांची मापे घेतात, मूर्तींची छायाचित्रे काढतात. परंतु अशा जुन्या देवळांपुढे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मृदंग, संबळ, ढोल वाजवला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. वाजवलेला बोल हवेत विरतो. मागे राहतो तो फक्त शिकवलेला हात. त्या हाताचा इतिहास प्रस्तुत लेखात माझ्या अल्पमतीप्रमाणे मांडतो. मी तालुका कचेरीतील कारकून असल्याने सुरुवात दप्तरापासून करतो, त्याबद्दल वाचकांनी राग मानू नये.

महसुली दप्तरात इनामांचे वर्ग पाडलेले आहेत. वर्ग ३ म्हणजे देवस्थान इनाम. वर्ग ६ म्हणजे कनिष्ठ गावनोकरांची वतने. त्यात सरकारच्या उपयोगाचे व गावाच्या उपयोगाचे नोकर असे दोन पोटवर्ग. आज सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दिसणारा 'देवस्थान इनाम वर्ग ३' हा शेरा पुष्कळांना कटकटीचा वाटतो, कारण ती जमीन विकता येत नाही. पण त्या शेऱ्यामागे देवाची सेवा आहे: पूजा, दिवाबत्ती, झाडलोट, आणि पुष्कळ ठिकाणी वाद्य वाजवणे. महसूल खात्यातच नोकरी केलेले त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बलुतेदारांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत गुरव आहेतच. म्हणजे आपल्याकडे वादन ही आधी चाकरी होती, कला मागाहून झाली. ज्याच्या घरी चाकरी, त्याच्या घरी वाद्य. आणि ज्याच्या घरी वाद्य, त्याचे पोर पाळण्यातच ठेका ऐके.

या रीतीत एक सोय होती व एक अडचण. सोय अशी की शिकण्यास वेगळा वेळ काढावा लागत नसे. अडचण अशी की घरात जेवढे येत होते तेवढेच पुढच्या पिढीस येई. आरतीपुरता हात तयार झाला की गाडी थांबे. त्यापलीकडे ज्यांना जावयाचे होते त्यांना गाव सोडावे लागले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे नाना पानसे. हे एकोणिसाव्या शतकातील थोर पखवाजवादक, मूळचे वाईजवळच्या बावधन गावचे. वडील कीर्तनकार होते. तेव्हा मुलाने कीर्तनात मागे पखवाज धरावा ही घरचीच गरज. पुढे त्यांनी पुण्यास मान्याबा कोडीतकर यांच्याकडे व वाईस चौंडेबुवा आणि मार्तंडबुवा यांच्याकडे शिक्षण घेतले. (कोडीत हे आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातले गाव, हे सहज नमूद करतो.) तेवढ्यावर न थांबता ते काशीस योगीराज माधवस्वामींकडे शिकले. कीर्तनाची साथ उत्तम करणारा मुलगा त्याच जिल्ह्यात मानाने जगला असता. तरीही तो एकामागून एक गुरूंच्या दारी बसत राहिला, हे मला त्यांच्या पुढच्या कीर्तीपेक्षा अधिक विचार करण्याजोगे वाटते. पुढे इंदूरच्या होळकर दरबारी त्यांना आश्रय मिळाला व त्यांच्या वादनाचे स्वतंत्र घराणे झाले. उत्तरेतील कुदऊसिंह यांच्या घराण्याचे बोल भारदस्त व जोरकस, तर पानसे घराण्याचे मधुर व चपळ, असा फरक जाणकार सांगतात. सखारामबुवा आगळे, वामनराव चांदवडकर आदी त्यांचे शिष्य होत. याच परंपरेतील गोविंदराव बुऱ्हाणपूरकर यांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. कीर्तनाच्या पाठीमागचा ताल असा राजदरबारापर्यंत व तेथून राजधानी दिल्लीपर्यंत गेला.

आता प्रत्यक्ष शिकण्याविषयी. पखवाज शिकणाऱ्यास आधी हात शिकवत नाहीत, तोंड शिकवतात. उजव्या तोंडावर 'ता', डाव्यावर 'घे', दोन्ही मिळून 'धा'. मोकळा घुमणारा 'दिं', बंद 'कत्', जोडीचे 'तिट' व 'किट'. एवढ्या मोजक्या अक्षरांतून सारा संसार उभा राहतो. चौताल बारा मात्रांचा: धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. पहिल्या, पाचव्या, नवव्या व अकराव्या मात्रेस टाळी. तिसऱ्या व सातव्यास खाली. हे तोंडाने म्हणत, हाताने टाळी धरत, न अडखळता दुप्पट लयीत म्हणता आले पाहिजे. आमच्या भजनी मंडळात जे वृद्ध बुवा शिकवीत, त्यांनी मला पहिला सव्वा महिना वाद्यास हात लावू दिला नाही. मांडीवर टाळी आणि तोंडाने बोल, एवढेच. शेजारची पोरे हसत. बुवांचे म्हणणे असे की जे जिभेवर बसले नाही ते बोटांत उतरत नाही.

ही रीत केवळ आपलीच आहे असे नाही. दक्षिणेकडेही मृदंगाचे बोल आधी तोंडाने पाठ करून घेतात. पाश्चात्त्य ड्रम शिकणाऱ्यांनाही मूलभूत हातांचे पाठ असतात. अमेरिकेतील ड्रमवादकांच्या १९३३ साली निघालेल्या संघटनेने असे २६ पाठ ठरवले होते. त्यांतील एका पाठाचे नाव 'पॅराडिडल'. ते तोंडाने हळू म्हणून पाहावे. उजवा, डावा, उजवा, उजवा असे चार आघात त्या नावातच बसवलेले आहेत. आपला 'धिरकिट' आणि त्यांचा 'पॅराडिडल' ही एकाच आळीतली भावंडे म्हणावीत.

हात चालू लागल्यावर नवशिक्याचा पहिला दोष म्हणजे लय धावणे. हाताला बळ आले की तो पुढे पळतो. यावर बुवांचा उपाय फार साधा होता. ते पोराला तरुणांच्या चढाओढीच्या भजनात बसवीत नसत. म्हाताऱ्या माणसांच्या संथ हरिपाठास बसवीत व फक्त ठेका धरावयास लावीत. म्हाताऱ्यांचा श्वास लांब, चाल संथ. तेथे पळणारा पखवाज लगेच उघडा पडतो. आठ-पंधरा दिवसांत हात जमिनीवर येई. आजच्या मुलांनी आपले वादन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. दोष कळण्यास तेही साधन चांगले आहे. परंतु दोष कळणे निराळे आणि जाणे निराळे.

दुसरी गोष्ट वाद्याची. पखवाजाच्या डाव्या तोंडास कणीक लावतात, उजव्यास शाई असते. कणीक अधिक लावली तर स्वर उतरतो, वाळली तर फुटका लागतो. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, कार्तिकातल्या काकड्याच्या कोरड्या थंडीत चढते. तेव्हा गठ्ठ्यांवर हातोडी मारून स्वर जुळवावा लागतो. पुडी केव्हा बदलावी, वादी किती ओढावी, हे ज्याला कळत नाही तो कितीही बोल पाठ असले तरी वादक झाला असे बुवा मानीत नसत. पहाटे चारला काकड्यास आधी येऊन कणीक मळणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता.

येथवर सभामंडपातील वाद्याची हकीकत झाली. पण मंडपाच्या पायरीखाली वाजणाऱ्या वाद्याची हकीकत सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही, आणि ती सांगताना थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे.

हलगी हे आपल्या भागातले अत्यंत अवघड वाद्य. कडे व त्यावर ताणलेले कातडे; उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्या हातात बारीक लवचिक काडी. शाई नाही, कणीक नाही. स्वर चढवावयाचा तो विस्तवावर शेकून. यात्रेतील छबिना असो की कुस्तीचा फड असो, हलगी कडाडल्याशिवाय अंगात जोर येत नाही. दोन पैलवान खडाखडी करीत असता हलगीवाला त्यांच्या पावलांवर नजर ठेवून लय चढवतो, ही साथ कोणत्याही गवयाच्या साथीइतकीच नाजूक आहे. तरीही बहुतेक गावांत पखवाज देवळाच्या आत व हलगी बाहेर राहिली. मातंग व महार समाजातील माणसांना हलगी वाजवणे हे वतनाचे बंधन होते. दवंडी, मिरवणूक, मयत, जत्रा, जेव्हा गाव बोलावील तेव्हा हजर व्हावयाचे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते या गुलामीविरुद्धच. १९५६ च्या धर्मांतरानंतर महार समाजातील पुष्कळांनी गावकीचे वाजवणे सोडून दिले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नाहीशी झाली. हे योग्यच झाले. काही जुने लोक 'त्यानंतर वाजप गेले' अशी हळहळ करतात. त्यांना मी एवढेच विचारतो की सक्तीने वाजवून घेतलेल्या कलेस आपण कधी गुरू म्हटले होते काय? पखवाज शिकवणाऱ्यास बुवा म्हणून पाया पडलो. हलगी शिकवणाऱ्यास मात्र बिदागीही दुरून टाकली. मग त्याने आपल्या मुलाच्या हातात हलगीऐवजी पाटी दिली तर त्यात त्याचे काय चुकले?

चाकरी गेली तेव्हा तालाच्या शिक्षणास दुसरा आधार लागला. पखवाजास तो मिळाला. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली व त्या वातावरणात कोणत्याही जातीचा होतकरू मुलगा मृदंग शिकून गावी येऊ लागला. तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर या वाटेने जाते, तेव्हा दिंड्यांतून मृदंग धरणारी मुले पाहावीत. कोणाच्याही घरी वतन नाही. दुसरा आधार शहरातून आला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे पानसे परंपरेतील गुरुदेव पटवर्धन मृदंग-तबला शिकवीत व त्यांनी बोल छापील पुस्तकात आणले. १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा आज तालुक्याच्या गावांतील मुलेही देतात. वादकांच्या घराण्यांचा शोध घेऊन ते ग्रंथरूप करण्याचे मोठे काम डॉ. आबान मिस्त्री या मुंबईच्या पारशी विदुषीने केले. त्या स्वतः तबलावादक होत्या. २०१२ साली त्या निवर्तल्या. मुलींनी पखवाज धरावा की नाही असा वाद अजून कोठे कोठे निघतो, म्हणून हे नाव मुद्दाम दिले.

हलगीस मात्र ना संस्था मिळाली, ना परीक्षा, ना छापील पुस्तक. ज्या घरांनी ती टिकवली त्यांनी ती स्वतःच्या हिमतीवर टिकवली.

आता बहुतेक देवळांत आरतीच्या वेळी विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र लावतात. बटण दाबले की ढोल, झांज, घंटा एकदम सुरू. पुजारी एकटा असतो, माणूस मिळत नाही, ही अडचण मी जाणतो. यंत्रास नावे ठेवण्याचा हेतू नाही. फक्त त्याची एक गोष्ट लक्षात येते. ते कोणाच्याही चालीसाठी थांबत नाही. आरती म्हणणारी आजीबाई कडव्याच्या शेवटी श्वास घेते तेव्हा पखवाजवाला अर्धी मात्रा सांभाळून घेतो. यंत्र सांभाळत नाही, आजीबाईच मागे पडते. शिवाय त्या यंत्राशेजारी उभे राहून कोणी पोर काही शिकत नाही.

स्मरणिका समितीस माझी एक सूचना आहे, ती कारकुनी स्वरूपाची आहे. उत्सवाच्या जमाखर्चात 'वाजंत्री खर्च' अशी एक मोघम ओळ असते. तिच्याऐवजी एक स्वतंत्र वही घालावी. तिच्यात चार रकाने पुरेत: वादकाचे नाव, वाद्य, कोणाकडे शिकला, व सध्या कोणास शिकवतो. पखवाज, संबळ, ढोल, हलगी सर्व एकाच वहीत, एकाच क्रमाने, आणि बिदागी सर्वांस सारख्याच पाकिटात, हातात. वहीची पहिली काही पाने कोरी ठेवावीत. श्रावणात पोथी बसते तेव्हा सर्व आळ्यांतील वयस्कर मंडळींना विचारून मागील वादकांची जेवढी नावे आठवतील तेवढी त्या पानांवर उतरवून घेता येतील. लिहिण्याचे काम मी करीन.