घरातल्या वायफाय राउटरचं सेटिंग मोबाईलवरून कसं करायचं? धाराशिव जिल्ह्यातल्या घरांसाठी पूर्ण माहिती

घरी फायबरचं कनेक्शन घेतलं की केबलवाला मुलगा येतो, वायर ओढतो, भिंतीला डबा लावतो, तुमच्या मोबाईलमध्ये पासवर्ड टाकून देतो आणि "झालं बघा चालू" म्हणून निघून जातो. त्यानंतर बहुतेक घरांत त्या डब्याला कोणी हात लावत नाही. नेट अडकलं की बंद करून चालू करायचं, एवढंच काय ते.

पण राउटर हा एक छोटा संगणकच आहे. त्याचं स्वतःचं सेटिंगचं पान असतं आणि ते तुमच्या मोबाईलवरच उघडतं, त्यासाठी लॅपटॉप लागत नाही. धाराशिव शहर असो, कळंब असो की भूम-परंड्याकडचं एखादं गाव, पद्धत तीच आहे. अर्धा तास काढा आणि खाली दिलेल्या क्रमाने एकेक गोष्ट करत जा.

हे सेटिंग बदलायची गरज काय?

घरातले सगळे फोन, टीव्ही आणि लॅपटॉप बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात आणि तो पत्ता तुमच्या कनेक्शनच्या नावावर असतो. तुमच्या वायफायवरून शेजारच्या पोराने काही उद्योग केला, तरी चौकशी आधी तुमच्या दारात येते.

हे आपल्या महाराष्ट्रातच घडलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला. पोलिसांनी माग काढला तेव्हा तो ईमेल नवी मुंबईतल्या सानपाडा इथल्या एका फ्लॅटच्या इंटरनेट कनेक्शनवरून गेल्याचं दिसलं. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले. शेवटी कळलं की त्याचं वायफाय नीट सुरक्षित नव्हतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत असेच आणखी ईमेल मुंबईतल्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

आज बिनपासवर्डचं वायफाय फारसं दिसत नाही. पण सगळ्या गल्लीला माहीत असलेला पासवर्ड आणि नसलेला पासवर्ड यात फरक तो काय?

सुरू करण्याआधी दोन गोष्टी

१. राउटरच्या मागे एक बारीक छिद्र असतं. तिथे 'रीसेट' लिहिलेलं असतं. त्यात पिन घालून दाबू नका. त्यामुळे कंपनीने भरलेली कनेक्शनची माहितीसुद्धा पुसली जाऊ शकते आणि मग केबलवाला परत येईपर्यंत घरातलं नेट बंद.

२. राउटरवरचे दिवे बघा. 'एलओएस' नावाचा दिवा लाल असेल तर बाहेरून येणारी फायबरची वायर तुटली आहे किंवा वाकली आहे. तेव्हा कितीही सेटिंग बदललं तरी उपयोग नाही. सरळ केबलवाल्याला फोन करा.

पायरी १ : सेटिंगचं पान उघडा

फोन घरच्या वायफायला जोडा आणि मोबाईल डेटा बंद करा. डेटा चालू राहिला तर कधी कधी पान उघडतच नाही.

आता राउटरचा पत्ता शोधायचा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग वायफाय, मग जोडलेल्या नेटवर्कच्या बाजूचं चाकाचं चिन्ह दाबा. तिथे 'गेटवे' पुढे जो आकडा असेल तोच पत्ता. आयफोनमध्ये तो 'राउटर' या नावाने दिसतो. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१ असतो. हा आकडा क्रोममध्ये सगळ्यात वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अंकांत टाइप करा. गूगलच्या सर्चमध्ये टाकला तर भलत्याच वेबसाइट आणि जाहिराती समोर येतील.

पान उघडलं की युजरनेम आणि पासवर्ड विचारेल. तो राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. चालला नाही तर कंपनीने बदललेला असतो. अशा वेळी केबलवाल्याला विचारा. काही कंपन्या यातली बरीच सेटिंग आपल्या ॲपमधूनही करू देतात.

आत गेल्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' नावाचं पान दिसेल. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण तिथलं काही बदलू नका. तुमचं कनेक्शन त्याच माहितीवर चालतं.

पायरी २ : आधी राउटरचा पासवर्ड बदला

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या सेटिंगचा, ज्याला ॲडमिन पासवर्ड म्हणतात. अनेक राउटरवर युजरनेमही 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन' असाच असतो.

तो तसाच ठेवला तर वायफायला जोडलेला कोणीही तुमच्यासारखाच हे पान उघडू शकतो. तो वायफायचा पासवर्ड बदलू शकतो. त्याहून वाईट म्हणजे 'डीएनएस' हे सेटिंग बदलू शकतो. वेबसाइटचं नाव टाइप केल्यावर कुठल्या सर्व्हरकडे जायचं हे डीएनएस सांगतं. ते फिरवलं तर तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाकूनसुद्धा हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर जाऊ शकता. ब्राउझरने 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा दिला तर तो डावलून पुढे जायचं नाही, हेही लक्षात ठेवा.

'सिस्टिम', 'ॲडमिनिस्ट्रेशन' किंवा 'मॅनेजमेंट' या मेनूत ॲडमिन पासवर्ड बदलता येतो. नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

पायरी ३ : वायफायचा पासवर्ड

'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' मेनूत जा. 'एसएसआयडी' म्हणजे तुमच्या वायफायचं नाव. त्यात आडनाव किंवा घर नंबर टाकू नका. सुरक्षेच्या प्रकारात 'डब्ल्यूपीए३' असेल तर तो घ्या. जुने फोन जोडले जात नसतील तर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' हा मिश्र प्रकार किंवा 'डब्ल्यूपीए२ एईएस' निवडा. 'डब्ल्यूईपी' हा जुना प्रकार काही मिनिटांत फुटतो, तो नकोच.

आपल्याकडे सगळ्यात जास्त ठेवला जाणारा पासवर्ड म्हणजे मोबाईल नंबर. त्याचं गणित बघा. भारतातले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि १० अंकी असतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण हवेतून पकडता येते. ती हातात आली की चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं. सेकंदाला ५ लाख धरले तरी सगळे ४०० कोटी संपायला ८ हजार सेकंद लागतील, म्हणजे सव्वादोन तास. शिवाय तुमचा नंबर ओळखीच्या प्रत्येकाकडे आहेच!

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द आणि एखादा आकडा इंग्रजी अक्षरांत लिहा. उदाहरणार्थ ज्वारी, सायकल, घागर, पतंग आणि ४७. लक्षात राहायला सोपं आणि फोडायला अवघड. हेच शब्द मात्र घेऊ नका, स्वतःचे निवडा. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो.

पासवर्ड बदलला की टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर सगळे पुन्हा जोडावे लागतात. त्यामुळे परीक्षेच्या किंवा ऑनलाइन फॉर्मच्या शेवटच्या दिवशी हे काम काढू नका.

पायरी ४ : ही दोन बटणं बंद करा

'डब्ल्यूपीएस' : बटण दाबून किंवा ८ अंकी पिन टाकून वायफाय जोडायची ही सोय आहे. तिच्या पिनमधली कमजोरी २०११ मध्येच उघड झाली. ८ अंक असले तरी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते. त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत ती सापडू शकते.

'रिमोट मॅनेजमेंट' : यामुळे सेटिंगचं पान घराबाहेरून, इंटरनेटवरून उघडता येतं. घरगुती वापरात तुम्हाला त्याची गरज नाही. मात्र 'टीआर-०६९' नावाचं सेटिंग दिसलं तर ते राहू द्या. कंपनी त्यातूनच राउटरची देखभाल करते.

पायरी ५ : पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय

नवरात्रात तुळजापूरला किंवा चैत्री यात्रेत येरमाळ्याला ज्यांचं घर आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दहा पाहुणे येतात आणि पाण्याच्या तांब्याआधी वायफायचा पासवर्ड मागतात. नाही म्हणणं बरं दिसत नाही. पण एकदा एका फोनमध्ये पासवर्ड गेला की अँड्रॉइडच्या 'शेअर' बटणाने त्याचा क्यूआर कोड निघतो आणि तो पुढे कुठेही जातो.

यावर उपाय म्हणजे 'गेस्ट नेटवर्क'. ते चालू करा, त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. पाहुण्यांना नेट मिळतं, पण तुमच्या घरातले कॅमेरे आणि संगणक त्यांच्यापासून वेगळे राहतात. यात्रा संपली की गेस्ट नेटवर्क बंद. घरच्या फोनमध्ये काहीच बदलावं लागत नाही.

पायरी ६ : २.४ की ५ गिगाहर्ट्झ?

२.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण हळू चालतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण भिंतींपुढे लवकर हरतं. आपल्या जिल्ह्यात घर कसं आहे यावर बरंच अवलंबून असतं. जुन्या माळवदाच्या घरात दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंती असतात. तिथे ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीत पोचणं अवघड. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात सास्तूरसारखी गावं नव्याने वसली. तिथल्या सिमेंटच्या, तुलनेने पातळ भिंतींच्या घरांत दोन्ही बँड बरे चालतात.

राउटर घराच्या मधोमध आणि डोक्याच्या उंचीवर ठेवा. धान्याची पत्र्याची कोठी, लोखंडी कपाट, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांच्या आड ठेवू नका. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी शोषून घेतं. जाड भिंतींच्या वाड्यात एका राउटरने भागत नसेल तर लॅनची वायर ओढून पलीकडच्या खोलीत दुसरा राउटर लावणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

२.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारपाजारी बरीच वायफाय असतील तर तिन्ही करून बघा आणि जे बरं चालेल ते ठेवा.

पायरी ७ : अपडेट आणि लाईट

'फर्मवेअर अपडेट' दिसलं तर करा, पण राउटरच्याच पानावरून किंवा कंपनीच्या ॲपवरून. अपडेट चालू असताना लाईट गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. म्हणून भारनियमनाची वेळ टाळा किंवा इन्व्हर्टरवर असताना करा.

लाईट गेल्यावर नेट चालू ठेवायचं असेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. व्होल्ट तंतोतंत जुळलेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

कोण जोडलंय ते बघत राहा

'कनेक्टेड डिव्हाइस' या यादीत घरातल्या वस्तू मोजा. जास्त निघाल्या तर पासवर्ड बदला. नुसतं एखादा फोन ब्लॉक करून भागत नाही, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन आपला खरा मॅक पत्ता लपवून वेगळाच दाखवू शकतात.

भाडेकरू खोली सोडून गेला, दुकानातला मुलगा काम सोडून गेला, जुना फोन विकला किंवा हरवला, की त्याच दिवशी वायफायचा पासवर्ड बदला. आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.