ब्रायटनला राहिलेला रेझर

सप्टेंबर १९७३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहराजवळ, ससेक्स विद्यापीठात संगणकांच्या जाळ्यांविषयी एक परिषद भरली होती. अमेरिकेतून बरेच संशोधक आले होते. त्यांतले एक, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक, इतरांच्या आधी घरी परतले. बॅग उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दाढीचा विजेवर चालणारा रेझर वसतिगृहाच्या न्हाणीघरातच राहिला.

इंग्लंडमध्ये तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. फोन करायचा तरी कुणाला? पण परिषदेतल्या प्रात्यक्षिकासाठी ब्रायटनहून अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यापर्यंत तात्पुरती जोडणी केलेली होती. क्लाइनरॉक यांनी टर्मिनलवर बसून या क्षणी कोण हजर आहे याचा शोध घेतला. लॅरी रॉबर्ट्स त्या अवेळीही ब्रायटनच्या टर्मिनलवर बसलेले सापडले. रॉबर्ट्स म्हणजे हे जाळं उभारणाऱ्या ‘अर्पा’ या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संस्थेतले प्रमुख अधिकारी. दोघांच्या चार ओळी टाइप करून झाल्या आणि दुसऱ्या दिवशी परतणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर रेझर लॉस एंजेलिसला पोचला.

हे जाळं फक्त सरकारी कामासाठी होतं. त्यामुळे आपण त्याचा पहिला बेकायदा वापर केला, असं क्लाइनरॉक पुढे कौतुकानं सांगत. इंटरनेटच्या इतिहासात हा किस्सा एक गंमत म्हणून येतो आणि मागे पडतो. मला मात्र तो पुन्हा पुन्हा आठवत राहिला. अंतर मिटवणारं यंत्र घडवणारी माणसं त्या यंत्राविषयी बोलायला हजारो मैल विमानानं गेली होती, आणि त्या यंत्राचा त्यांनी केलेला हा घरगुती वापर प्रवासात विसरलेल्या वस्तूसाठी होता. फिरतीचा माणूस आणि संगणकाचं जाळं यांची ही गाठ योगायोगाची नाही, असं मला वाटतं. ती कशी पडली आणि तिच्यात काय सुटून गेलं, हे या लेखात पाहायचं आहे.

ही गाठ ब्रायटनपेक्षा वीस वर्षं जुनी आहे. १९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात दोन प्रवासी शेजारी बसले. दोघांचंही आडनाव स्मिथ, म्हणून बोलणं सुरू झालं. एक होते आयबीएमच्या विक्री विभागातले ब्लेअर स्मिथ आणि दुसरे त्याच विमान कंपनीचे, अमेरिकन एअरलाइन्सचे, अध्यक्ष सी. आर. स्मिथ. त्या काळी विमानाचं तिकीट राखून ठेवणं म्हणजे कार्डांचा कारभार होता. एजंटानं फोन करायचा, मग फिरत्या खणांभोवती बसलेल्या कारकुनांनी कार्ड शोधून खूण करायची. एका आरक्षणाचं काम पुरं व्हायला सरासरी दीड तास लागे. जेट विमानांचं युग तोंडावर होतं. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क प्रवासाला लागणारा वेळ घटणार आणि तिकिटाला लागणारा तेवढाच राहणार, अशी ही अडचण होती.

आयबीएम त्याच सुमारास अमेरिकी हवाई दलासाठी ‘सेज’ ही यंत्रणा उभारण्याच्या कामात होती. लांबलांबच्या रडारची माहिती टेलिफोनच्या तारांवरून संगणकाकडे यायची आणि संगणकानं तत्काळ उत्तर द्यायचं, ही तिची कल्पना. शत्रूच्या विमानांसाठी योजलेली हीच कल्पना प्रवासी विमानांच्या खुर्च्यांना लावली गेली आणि त्यातून ‘सेबर’ जन्माला आली. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रायरक्लिफ मॅनर इथे तिचे संगणक बसले, आणि अमेरिकेतल्या शहराशहरांतले एजंट तारेवरून त्यांना जोडले गेले. लष्कराबाहेर, धंद्यासाठी उभारलेलं या प्रकारचं हे पहिलं मोठं जाळं. आधी प्रवास वाढला आणि त्याला सांभाळायला जाळं आलं, हा क्रम ध्यानात ठेवायला हवा. पुढे सगळ्यांनी तो उलटा धरला.

अर्पानेटचा हेतू वेगळा होता. निरनिराळ्या विद्यापीठांतले महागडे संगणक एकमेकांना जोडून त्यांची शक्ती वाटून घ्यायची. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ शब्दाची पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर टपाल पाठवण्याची सोय केली. ती मूळ आराखड्यात नव्हतीच. दोन वर्षांनी अर्पानं पाहणी केली तेव्हा जाळ्यावरची तीनचतुर्थांश वाहतूक टपालाची निघाली. संगणकांची शक्ती वाटण्यासाठी रस्ता बांधला, आणि त्यावरून माणसांचीच पत्रं धावू लागली.

या बदलामागे एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मोठा हात होता. स्टीफन लुकासिक हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक तेव्हा अर्पाचे संचालक होते. टपालाची त्यांना इतकी गोडी लागली, की येणाऱ्या संदेशांचा ढीग आवरेना. त्यांची ही तक्रार ऐकून रॉबर्ट्स यांनी १९७२ साली एक प्रोग्रॅम लिहिला. आलेल्या पत्रांची यादी दाखवायची, हवं ते पत्र उघडू द्यायचं, ठेवायचं ते ठेवायचं, नको ते पुसायचं. आज आपल्या फोनवर ईमेलची जी पेटी उघडते, तिची वंशावळ इथवर जाते.

लुकासिक दौऱ्यावर निघाले की टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं ‘पोर्टेबल’ टर्मिनल बरोबर नेत. पोर्टेबल म्हणायचं एवढंच. वजन तीस पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळपास चौदा किलो. त्याला पडदा नव्हता. अक्षरं उष्णतेनं उमटणाऱ्या कागदाच्या गुंडाळीवर, सेकंदाला तीसच्या वेगानं उमटत. मुक्कामी पोचलं की फोनचा रिसीव्हर यंत्राच्या दोन रबरी खोबणींत दाबून बसवायचा, नंबर फिरवायचा आणि ऑफिसचं टपाल वाचायचं.

हे चित्र मी मनाशी अनेकदा उभं केलं आहे. हॉटेलची खोली, दिवसभराच्या बैठकांनी दमलेला संचालक, आणि कागदाच्या गुंडाळीतून खोलीत येणारं त्याचं ऑफिस. पण त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये काय होत होतं, हे त्याहून महत्त्वाचं आहे. संगणकाशी काही देणंघेणं नसलेले त्यांच्या हाताखालचे अधिकारीही टपाल वापरू लागले होते. कारण उघड होतं. साहेब तिथे सापडतात. साहेब कुठल्या गावी आहेत याला आता अर्थ उरला नव्हता. जो लिहील त्याचं काम होईल, आणि जो लिहिणार नाही तो मागे पडेल. पुढच्या काळातला प्रत्येक व्यवस्थापक आणि त्याच्या हाताखालचा प्रत्येक माणूस त्या दोन जागांवर बसलेला मला दिसतो.

ब्रायटनची परिषद भरली त्याच वर्षी अमेरिकेत जॅक नाइल्स नावाच्या अभियंत्यानं ‘टेलिकम्यूटिंग’ हा शब्द घडवला. माणसांना कामाकडे नेण्याऐवजी काम तारेवरून माणसांकडे न्यावं, हा त्याचा आशय. ऑक्टोबर १९७३मध्ये तेलाचं संकट आलं आणि या विचाराला जोर चढला. त्याआधी, १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात एटी अँड टी कंपनीनं चेहरा दाखवणारा फोन मांडलेला होताच. पुढची चाळीसेक वर्षं हीच आशा नव्यानं मांडली गेली, की बोलण्याची सोय झाली म्हणजे जाण्याची गरज संपेल.

गरज संपली नाही, उलट वाढली. प्रवास आणि दूरसंचार एकमेकांची जागा घेतात त्यापेक्षा एकमेकांना वाढवतात अधिक, असंच वाहतूकशास्त्राच्या अभ्यासकांना दिसत आलं. कारण समजायला सोपं आहे. ज्याच्याशी तारेवरून ओळख होते, त्याला कधीतरी भेटावंसं वाटतं; आणि ज्याला ऑफिस बरोबर नेता येतं, तो ऑफिस सोडून जायला कचरत नाही.

आपल्याकडे हा क्रम स्पष्ट दिसतो. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली. तिचं पहिलं काम अमेरिकेतल्या ग्राहकाचं. त्या काळात काम तारेवरून पाठवता येत नव्हतं, म्हणून माणसं पाठवावी लागत. संस्थापकांपैकी काही जण ग्राहकाच्या गावी जाऊन राहिले. मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून १९८९ साली ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याला अमेरिकेशी जोडणारी कायमची लाइन मिळाली. वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे आज एक साधा फोटो पोचायला अर्धा-पाऊण तास लागेल असा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं चार महानगरांत इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. आता काम तारेवरून जाऊ लागलं. मग माणसांचं जाणं कमी व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात काम वाढलं, ग्राहक वाढले, आणि व्हिसाच्या रांगाही वाढल्या.

इकडे लुकासिक यांचं चौदा किलोंचं ओझं हलकं होत गेलं. १९९९मध्ये कॅनडातल्या रिसर्च इन मोशन कंपनीनं ब्लॅकबेरी आणला. त्याचं व्यसन इतकं सार्वत्रिक झालं, की २००६ साली वेबस्टर्स न्यू वर्ल्ड कोशानं ‘क्रॅकबेरी’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. विमानाची केबिन ही संपर्कातून सुटलेली शेवटची जागा होती. मे २००४मध्ये म्युनिक ते लॉस एंजेलिस या लुफ्तान्साच्या उड्डाणात बोइंगची इंटरनेट सेवा सुरू झाली. धंदा न जमल्यानं ती दोन वर्षांत गुंडाळावी लागली, पण वाट उघडली ती उघडलीच.

नोव्हेंबर २०२०मध्ये, महासाथीत जगातली विमानं जमिनीवर असताना, बिल गेट्स यांनी कामानिमित्तचा निम्म्याहून अधिक प्रवास कायमचा जाईल असं भाकीत केलं. ते वाचून मलाही पटलं होतं. या प्रवासावर २०१९मध्ये जगभरात सुमारे १.४ लाख कोटी डॉलर खर्च झाले, असा या व्यवसायातल्या संघटनेचा अंदाज आहे. २०२४मध्ये तो आकडा पुन्हा गाठला गेला. महागाई वजा केली तर प्रवास अजून थोडा मागे आहे, पण निम्मा गेला असं मुळीच नाही.

मग या पन्नास वर्षांत जाळ्यानं मिटवलं ते काय? अंतर मिटलं असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मते मिटली ती गैरहजेरी. हे म्हणण्यामागे घरचा एक प्रसंग आहे, तो सांगतो.

माझे वडील शेतीपंपांच्या विक्रीसाठी महिन्यातले वीस दिवस खानदेशात फिरतीवर असत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. गेल्यावर ‘सुखरूप पोचलो’ एवढं एक कार्ड येई, बहुधा ते स्वतः परतायच्या सुमारास. १९८०च्या जूनमध्ये ताईचा दहावीचा निकाल लागला तेव्हा अण्णा धुळ्याकडे होते. मुलीला कॉमर्सला घालायचं, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. ताईला सायन्स हवं होतं. प्रवेशाची मुदत चार दिवसांची होती. आईनं अण्णांना पत्र लिहिलं, कारण न लिहिणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. आणि तिसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन सायन्सची फी भरली. पत्र धुळ्याच्या लॉजवर पोचलं तेव्हा अण्णा तिथून पुढच्या गावी गेले होते.

अण्णा आले, चिडले, दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी असतो तर झालं नसतं हे.” आई म्हणाली, “म्हणून तर.”

ताई पुढे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली.

कामाच्या इतिहासात फिरतीवर गेलेल्या माणसाचा विचार पुष्कळ होतो. तो घरापासून तुटतो, थकतो, हॉटेलात एकटा पडतो. हे सगळं खरं आहे, आणि फोननं त्याचं दुःख हलकं केलं हेही खरं. पण त्याच्या जाण्यानं मागे राहणाऱ्यांना एक मोकळीक मिळत होती, तिची नोंद कुणी केली नाही. साहेब दौऱ्यावर, म्हणून हेडक्लार्कनं स्वतःच्या जबाबदारीवर काढलेला कागद. मालक मुंबईला, म्हणून दिवाणजीनं गरजूला दिलेली उधारी. अण्णा धुळ्याला, म्हणून आईनं भरलेली फी. यांतल्या काही गोष्टी चुकल्याही असतील. पण माणसं निर्णय घ्यायला शिकली ती अशाच दिवसांत. आज ‘एक मिनिट, विचारून सांगतो’ असं कुणीही म्हणू शकतं, आणि विचारायची सोय असताना न विचारणं हा गुन्हा ठरतो. लुकासिक यांच्या टर्मिनलमधून हॉटेलात ऑफिस येत होतं, तसंच ऑफिसात साहेबही येत होते.

माझी मुलगी हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे, अधूनमधून जर्मनीला जाते. तिथून रोज फोन करते, आणि तो आला नाही तर मला झोप लागत नाही. तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. गेल्या खेपेला तिचं चार्जर फ्रँकफुर्टच्या हॉटेलात राहिलं. तिनं विमानात बसल्याबसल्या हॉटेलला लिहिलं, आणि पुढच्या आठवड्यात सहकाऱ्याबरोबर ते आलं. मी तिला क्लाइनरॉक यांच्या रेझरची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, “बाबा, पण पहाटे तीन वाजता तो दुसरा माणूस ऑनलाइन कशाला बसला होता?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.