कोकण किनाऱ्यावरील उलांडीची होडी : रचना आणि उगमाचा प्रश्न

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव समुद्रापासून आत आहे. तेथून पश्चिमेस उतरल्यावर जो किनारा लागतो, त्यापासून दक्षिणेकडे मालवण, गोवा व कारवारपर्यंत मच्छीमारांची एक विशिष्ट होडी पूर्वापार आढळते. होडीच्या एका बाजूस, काही अंतरावर, पाण्यावर तरंगणारा एक लाकडी ओंडका असतो. त्यालाच ‘उलांडी’ म्हणतात. जहाजे व गलबते यांच्या इतिहासात मात्र या होडीस क्वचितच जागा मिळाली आहे.

होडीचा तळ एका अखंड खोडातून, बहुधा आंब्याच्या, कोरून काढीत. काठ उंच करण्यासाठी वर फळ्या चढवीत व त्या काथ्याच्या दोरीने शिवीत. दोन आडवे वासे होडीवरून बाहेर काढून त्यांच्या टोकांस उलांडी बांधली जाते. येथे ‘बांधणे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. खिळा गंजतो आणि लाटेच्या तडाख्यात सांधा फाडतो. दोरीचा सांधा लवतो, ढिला झाल्यास पुन्हा आवळता येतो. अरुंद होडी उलांडीच्या बाजूस कलली, तर ओंडक्याची तरंगण्याची शक्ती तिला सावरते. उलट बाजूस कलली, तर त्याचे वजन तिला मागे ओढते. दुसरी बाजू मोकळी राहत असल्याने जाळे टाकण्यास अडथळा येत नाही. दोन्ही बाजूंस उलांड्या असत्या तर ही सोय उरली नसती.

ही रचना आली कोठून? जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालतर्फे प्रसिद्ध झालेल्या भारतीय नौकांवरील प्रबंधात तिचा संबंध मलाय व पॉलिनेशियन दर्यावर्दींशी जोडला. आग्नेय आशिया, मादागास्कर व श्रीलंका येथील तत्सम नौका पाहता हे मत सहज झटकून टाकता येत नाही. परंतु कोकण व कानडा किनाऱ्यावर रूढ असलेली उलांडी मलबारात का आढळत नाही, याचे उत्तर केवळ संपर्काच्या सिद्धान्तातून मिळत नाही. शिवाय श्रीलंकेची ‘ओरू’ दोन्ही टोकांनी सारखी असून तिची दिशा उलटवता येते. कोकणी होडीची नाळ मात्र ठरलेली असते. कल्पना बाहेरून आली असे मानले, तरी येथील सुतारांनी तिला स्वतंत्र वळण दिले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

शिवलेल्या नौकेस अलीकडे प्रतिष्ठा लाभली आहे. अजिंठ्यातील चित्रावरून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच किनाऱ्यावर फायबरच्या, यंत्र बसविलेल्या होड्यांनाही उलांडी जोडलेली दिसते. खोड गेले, शिवण गेली, वल्ह्याचे महत्त्वही ओसरले. टिकली ती उलांडी. उगमाची चर्चा करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच प्रथम दोरीचे वेढे कसे घातले जातात ते पाहावे. लाकडी होडी बांधणारे वृद्ध कारागीर हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.