एका साच्यातली इंजिने

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांवर 1962 मध्ये दाखल झालेले डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल इंजिन 1998 पर्यंत बांधले जात राहिले आणि त्याची संख्या अडीच हजारांपुढे गेली. मात्र या साडेतीन दशकांत त्याच्या अंगावर इतके फेरफार झाले की त्याची छोटी प्रतिकृती घडवणाऱ्या हौशी कारागिरापुढे, आपण नेमके कोणते इंजिन करत आहोत, हा प्रश्न करवत हाती घेण्याआधीच उभा राहतो.

नावाचा आधार येथे फारसा उपयोगी पडत नाही. ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे माल व प्रवासी अशा दोन्ही वाहतुकींसाठीचे, एवढे स्थिर राहिले. परंतु पुढचा आकडा आरंभी केवळ नमुन्याचा अनुक्रम दाखवत असे आणि नंतरच्या पद्धतीत तो अश्वशक्ती सांगू लागला. त्यामुळे 1994 मध्ये डब्ल्यूडीएम-2सी म्हणून अवतरलेले 3100 अश्वशक्तीचे इंजिन पुढे डब्ल्यूडीएम-3ए झाले, तर 1970 मध्ये जर्मनीच्या हेन्शेल कंपनीकडून आलेल्या आठ डब्ल्यूडीएम-3 इंजिनांशी त्याचे नावापलीकडे काहीच नाते नाही.

मूळ आराखडा अमेरिकेतील अल्को कंपनीचा. तंत्रज्ञान देण्यास ती राजी झाल्याने वाराणसीच्या कारखान्यात 1964 पासून ही 2600 अश्वशक्तीची इंजिने तयार होऊ लागली. चालकाच्या केबिनच्या एका बाजूस आखूड आणि दुसऱ्या बाजूस लांब नाक (रेल्वेच्या बोलीत ‘शॉर्ट हुड’ व ‘लाँग हुड’) ही त्यांची ठेवण होय. मध्यंतरी काही इंजिनांचे आखूड नाक पूर्ण रुंदीचे, पण बुटके करून खिडक्या मोठ्या करण्यात आल्या. कर्मचाऱ्यांनी त्यांना ‘जंबो’ म्हटले आणि नंतर जुनी ठेवणच परत आली. जंबो दुरूनही ओळखता येतो. इतरांसाठी मात्र खाली वाकून चाके पाहावी लागतात. डब्ल्यूडीएम-2 च्या ‘ट्रायमाउंट’ बोगीत, म्हणजे तीन चाकजोड्यांच्या चौकटीत, मधली जोडी बरोबर मध्यावर नसते, तर मालगाड्यांच्या डब्ल्यूडीजी-3ए इंजिनाखाली चाकांची पकड वाढवणारी वेगळी, ‘हाय-अॅडहेजन’ बोगी असते. दुसऱ्या प्रतिकृतीची बोगी आयती बसवणाऱ्याची चूक जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

एचओ या 1:87 प्रमाणात सुमारे 17 मीटरचे हे इंजिन जेमतेम 20 सेंटिमीटरचे होते. बाजारातले रूळ 16.5 मिलिमीटर अंतराचे असतात, तर 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला खरे पाहता 19 मिलिमीटरहून थोडे अधिक हवे. ही तडजोड सर्वांनीच पत्करलेली आहे आणि ती क्षम्यही आहे.

क्रमांकाची चूक मात्र क्षम्य मानता येत नाही. जुनी डब्ल्यूडीएम-2 इंजिने पतियाळाच्या कारखान्यात नव्याने बांधून अधिक शक्तीची केली गेली, तेव्हा बाह्यांग बहुतांशी तेच राहिले आणि जुन्या क्रमांकापुढे ‘आर’ हे अक्षर जोडले गेले. म्हणून कारागिराने आधी साल ठरवावे, मग त्या सालचे छायाचित्र मिळवावे आणि बफरशेजारी निर्वात ब्रेकचा जाड नळा आहे, हवेच्या दाबाच्या ब्रेकच्या बारीक नळ्या आहेत की दोन्ही आहेत, हे मोजून घेतल्यावरच रंगाचा ब्रश उचलावा.